मालक : आई

छत्री उलटी झालेला एक माणूस पावसातून माझ्या भरतकामाच्या दुकानात शिरला, तेव्हा मी संगणकाला चापट्या मारत होते.

"मारून नाही ऐकत हो ते," तो दारातूनच म्हणाला.

"तुम्हाला बरं कळतं सगळं."

"धंदाच आहे माझा... दुरुस्तीचा. मारायचा नव्हे."

मी हसले, पण ओठांपुरतंच. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते. तिने काढलेली सगळी नक्षी त्या जुन्या संगणकात होती, एका लग्नाच्या पोशाखासाठीची अर्धी राहिलेली वेलसुद्धा. आणि तो संगणक शेवटच्या घटका मोजत होता.

त्याने सगळं नव्या संगणकात आणून दिलं. पण तिच्या फोल्डरवर कुलपाचं चित्र. क्लिक केलं की ‘तुम्हाला परवानगी नाही’. आणि फोल्डरच्या माहितीत, प्रॉपर्टीजमध्ये, जिथे ‘मालक : आई’ असायचं, तिथे नुसता एक आकडा.

"नवीन मशीन आईंना ओळखत नाही ना... म्हणून," तो चाचरत म्हणाला. "अ‍ॅडमिन होऊन मालक बदलतो. तुमचं नाव टाकू?"

"नको. तिचंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्याने नव्या संगणकात आईचं खातंच उघडलं. "असं करत नाहीत खरं तर," तो खाली बघत म्हणाला. फाइलींवर पुन्हा ‘मालक : आई’ आलं, आणि मला त्या उघडायची परवानगी. तो मला तेव्हाच आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

मग तो येतच राहिला.

"माऊस बघून जातो जरा."

"त्याला काय धाड भरलीय?"

"नाही... पण भरली तर?"

एकच गोष्ट त्याला सांगितली नव्हती. रोज सकाळी संगणक लावला की पडद्यावर दोन नावं यायची, आई आणि मी. माझं बोट आधी तिच्याच नावावर जायचं. मग मी संगणक बंदच करून टाकायचे. वेल तशीच अर्धी राहिली, लग्न तोंडावर आलं, आणि दुकान उघडणंच नकोसं झालं. शेवटी त्याला बोलावलं.

"तुम्ही चांगल्या मनानेच केलंत," मी म्हटलं. "पण रोज वाटतं, आत्ता येईल ती. काढा ते नाव."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं." त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "पण हे तुम्हीच करा. मी आहे इथे."

अ‍ॅडमिनची खिडकी उघडून त्याने मालकाची यादी दाखवली; खातं काढण्याआधी फाइलींचा मालक बदलायला हवा होता. मी आईऐवजी माझं नाव निवडलं. ‘आतल्या सर्व फाइलींना लागू करा’ — तिथे बोट अडलं. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. त्याने घाई केली नाही. मी बटण दाबलं, आणि तिच्या सगळ्या फुलापानांची मालकीण मी झाले. मला रडू कोसळलं.

त्याने रुमाल पुढे केला. "ओलाच आहे... छत्री अजून तीच."

रडता रडता हसू आलं. मग मी तिचं खातं काढून टाकलं आणि अर्धी वेल उघडून पुढचं पान काढायला घेतलं.

तो दाराशी घुटमळला. "आता इथे बिघडलेलं काही नाही. उद्या... काम नसताना आलो, तर? तुम्हाला भेटायला."

इतके दिवस आमचं सगळं अहो-जाहो चाललेलं. ‘या’ अगदी ओठांवर आलं होतं.

"ये," मी म्हणाले.