भिंगरीनं ओ दिली

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या चुलतबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. परत आल्यावरचा तिचा चेहरा मी पाहिलाय, त्यामुळे मला ठरवण्यासारखं काही उरलं नाही.

नोव्हेंबरातला तिसरा मंगळवार. दुपारचे साडेतीन.

हो, दुपारच. बाहेर लख्ख ऊन होतं.

घरात आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. एका जागी पाय ठरत नसे तिचा. बारावी झाल्यावर तिनं वर्षभर परदेशात राहायचं ठरवलं. सकाळी तिथल्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची आणि राहायचं एका कुटुंबात. घरात तिघंच. टपाल वाटणारा नवरा, लोकांचे कपडे दुरुस्त करून देणारी बायको आणि नऊ वर्षांची छोटी. बाईला भिंगरी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागली.

माणसं चांगली होती. फक्त एक गोष्ट...

त्या घरात कोणी कोणाला हाक मारत नसे.

जेवण तयार झालं की मावशी जिना चढून वर यायची आणि खांद्याला हात लावायची. छोटीही तसंच करायची. आमच्या काकूंची हाक गल्लीच्या टोकाला ऐकू जाते, त्यामुळे भिंगरीला हे फारच सुसंस्कृत वाटलं. "आई, इथे कोणी ओरडत नाही. शीक काहीतरी," असं तिनं फोनवर ऐकवलंसुद्धा.

पहिल्याच आठवड्यात मावशीनं विचारलं, "तुझ्या घरी तुला लाडानं काय म्हणतात गं?"

भिंगरीनं सांगितलं. मावशीनं ते नाव पाच-सहा वेळा घोळवलं. जीभ अडखळली, दोघी खूप हसल्या. परक्या देशात कोणीतरी आपलं घरचं नाव शिकतंय, म्हणून भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तर तो मंगळवार.

छोटी शाळेत, नवरा कामावर. खाली मावशीचं शिलाई मशीन चालू होतं... खर्रर्र... खर्रर्र... भिंगरी आपल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

आणि वरून, माळ्यावरून, हाक आली...

"भिंगरीऽऽ..."

अगदी स्पष्ट. जीभ कुठेही अडखळली नाही.

"ओऽऽ!" तिच्या तोंडून गेलं.

दुसरं काय होणार? हाक आली की ओ द्यायची, हे आपल्याला लहानपणीच पाठीत धपाटा घालून शिकवलेलं असतं.

खालचं मशीन थांबलं.

भिंगरी वर गेली. माळ्याच्या दाराला बाहेरून कडी होती. कडीवरून दाराचाच रंग मारलेला. कित्येक वर्षांत ती कोणी उघडलेली नव्हती.

तिनं दाराला कान लावला.

आत काहीच नाही...

ती वळली, तर जिन्याच्या पायथ्याशी मावशी उभी. घाबरलेली नव्हती ती. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. तिनं भिंगरीला घट्ट पोटाशी धरलं. का, ते भिंगरीला कळलं नाही. पण दोन महिन्यांत तिला कोणी असं जवळ घेतलं नव्हतं. तिला बरं वाटलं.

मग हाक रोज यायला लागली.

आधी माळ्यावरून. मग जिन्यातून. मग बाथरूमच्या दाराबाहेरून... भिंगरीनं ओ देणं बंद केलं. काही उपयोग झाला नाही.

"मावशी, वरून मला कोणीतरी हाक मारतं."

"जुनं घर आहे. लाकूड वाजतं."

"लाकूड नाव घेऊन वाजतं?"

मावशी सुईत दोरा ओवत राहिली. तिनं मान वर केली नाही.

इकडे छोटी मात्र फुलली होती. आई-बाबांच्या मधे झोपणारी पोर आपल्या खोलीत झोपायला लागली. घरभर गाणी म्हणत फिरायची. रोज भिंगरीकडून दोन वेण्या घालून घ्यायची. भिंगरीचा जीव होता तिच्यावर.

एक दिवस वाचनालय लवकर बंद झालं. भिंगरी घरी आली, तर मशीनचा आवाज नव्हता.

वर कुजबुज चालू होती...

माळ्याच्या दारापाशी मावशी गुडघे टेकून बसली होती. ओठ फटीला लावलेले. पोरांकडून पाढे घोकून घ्यावेत तशी ती म्हणत होती...

"छोटी नाही. भिंगरी. भिंगरी."

आणि आतून कोणीतरी तिच्यामागून म्हणालं...

"भिंगरीऽऽ..."

भिंगरीच्या हातातली पिशवी पडली.

"मी तुला मावशी म्हणत होते," एवढंच तिला बोलता आलं.

मावशी उठली. तिनं काही लपवलं नाही. "दोन वर्षं ते माझ्या मुलीला हाका मारत होतं. दुसऱ्या कोणी ओ दिली, तरच तिला सोडणार होतं. तू वर्षभरानं जाणारच होतीस. माझी मुलगी कुठे जाणार?"

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं, तर तू ओ दिली असतीस?"

त्याच संध्याकाळी भिंगरीनं घर सोडलं. नवऱ्यानं बॅग रस्त्यापर्यंत आणून दिली. म्हणाला, "तुझ्या आधी दोघी येऊन गेल्या. त्यांनी ओ दिलीच नाही."

म्हणजे सगळं ठरवून. गोड बोलून केसानं गळा कापला होता. भिंगरी सांगते, भीती नंतर वाटली. आधी आपल्याच भोळेपणाचा राग आला, आणि मग ती बसस्टॉपवर हमसून हमसून रडली.

वर्ष अर्धवट टाकून ती परत आली. आता तिला आम्ही भिंगरी म्हणत नाही. इथे लिहिलं तेवढंच.

गेल्या महिन्यात मावशीचा मेसेज आला. सोबत फोटो. माळ्याचं दार सताड उघडं, आत छोटीचा पलंग.

"तू गेलीस त्या दिवसापासून घर शांत आहे. तुझे उपकार कसे फेडू? सुट्टीत आम्ही तिघं तुमच्या देशात येतोय. तुमच्याकडे दोन दिवस राहिलो तर चालेल? छोटी तुझी फार आठवण काढते."

"निर्लज्जपणाची हद्द झाली!" मी म्हणालो. "नाही म्हणून कळव."

ती शांत होती. फार शांत.

"दादा, ते माझ्याबरोबर आलंय," ती म्हणाली. "रोज दुपारी हाक येते."

मग माझ्यासमोर तिनं उत्तर लिहिलं. "नक्की या. आमच्याकडेच राहा."

त्या पोरीचा यात काय दोष, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

मी बोललो नाही. शेवटी ही माझी बहीण आहे.

येत्या अठरा तारखेला ते तिघं येताहेत.