बर्फाच्या टबातले रविवार

माझं डोकं बसवंतच्या ड्रायसूटच्या गळ्यात अडकलं, तेव्हा आमची ओळख जेमतेम दहा मिनिटांची होती.

"ओढू नका, ओढू नका! रबर फाटेल," बाहेरून घाबरलेला आवाज आला.

"आणि माझी मान?"

"मानेला काही होत नाही हो. रबर नाजूक आहे."

मग पावडरचा वास आला. दोन बोटं हलकेच कानामागे आली, रबर ताणलं गेलं… आणि एका पांढऱ्या ढगातून मी बाहेर पडले. केस विस्कटलेले, नाकावर पावडर. समोर एक उंच, सावळा मुलगा. हसू दाबून दाबून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हसा," मी म्हणाले. तो हसला. छान हसायचा.

मी शाल्मली, नागपूरची. चार वर्षांपूर्वी आयटीतल्या नोकरीसाठी बेंगळुरूला आले. मुरुडेश्वरच्या समुद्रात पहिल्यांदा स्कूबा केलं आणि तेव्हापासून ते वेड डोक्यात बसलं. गार पाण्यात उतरायचं तर अंग कोरडं ठेवणारा हा पोशाख लागतो. त्याची जाहिरात पाहून मी जयनगरला, बसवंतच्या घरमालकीण भाग्यलक्ष्मीअक्कांच्या गच्चीवरच्या या खोलीत आले होते. सूट माझ्यापेक्षा वीतभर लांब निघाला. व्यवहार तिथेच संपला.

पण मी निघाले नाही.

"कुठं जायचंय तुम्हाला?" त्यानं विचारलं. तो निपाणीचा, त्यामुळे त्याच्या मराठीला एक गोड हेल होता.

"आइसलँड. तिथे जमिनीत एक भेग आहे. एका बाजूला युरोप, दुसऱ्या बाजूला अमेरिका, आणि मध्ये दोन-तीन अंशांचं—"

"ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "हा सूट तिथंच भिजलाय."

मी खुर्चीवर परत बसले. "मग सांगा ना! एवढा खर्च करण्यासारखं आहे का ते? तीन वर्षांची बचत जाणार आहे माझी. आई म्हणते फ्लॅटसाठी ठेव. माझी मैत्रीण सुप्रीता म्हणते अंदमानला जा, मासे तेच, पाणी कोमट. आणि मला… मला हेच कळत नाही, की मला ते पाणी हवंय की नुसता फोटो."

"मासे नाहीत तिथं फारसे."

"मग काय आहे?"

"पाणी." तो म्हणाला. "नागपूरच्या ना तुम्ही? आधी थंडी सोसते का बघू. रविवारी या की. बर्फ मी आणतो."

रविवारी गच्चीवर एक निळा टब होता, त्यात बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या आणि काठाला थर्मामीटर टांगलेला होता. मास्क लावायचा, नळी तोंडात धरायची आणि चेहरा पाण्यात घालायचा. त्याचं मनगट एकदा दाबलं की 'ठीक', दोनदा दाबलं की 'बास'.

पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांत मी दोनदा दाबलं. ओठ सुया टोचल्यासारखे दुखत होते.

"भफवंत…" मी म्हणाले.

"कोण?"

"टुम्ही!"

भाग्यलक्ष्मीअक्का जिन्यातून कॉफी घेऊन येत होत्या. हसता हसता त्यांच्या हातातला ट्रे कलंडला.

दुसऱ्या रविवारी चार मिनिटं. तिसऱ्या रविवारी सात, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो होसकोटेच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासायचा. तसाच माझा मास्कही तपासायचा, पट्टी न् पट्टी. त्याची नजर मास्कच्या काचेवरून माझ्या डोळ्यांवर घसरायची… आणि घाईघाईनं थर्मामीटरकडे वळायची.

"सूट का विकतोयस?" एकदा मी विचारलं.

"कान. गेल्या वर्षी सर्दी असताना मुरुडेश्वरला उतरलो. पडदा गेला. पोहता येतं, पण डॉक्टर म्हणाले, आता खाली जायचं नाही." उद्याचं हवामान सांगावं तसं सांगितलं त्यानं.

चौथ्या रविवारी मी दहा मिनिटं राहिले. आनंदानं ओल्या केसांसकट उड्या मारल्या! मग फोन पुढे केला. "मार्चचं बुकिंग. गुरुवारी बंद होतंय. आता तरी सांग, जाऊ?"

तो टबातल्या बर्फाकडे पाहत राहिला. "नको जाऊस. पैशाच्या मानानं काही नाही तिथं."

"खरंच?"

"खरंच."

मी मान हलवली, टॉवेल घडी करून ठेवला आणि निघाले. बसमध्ये उगाच रडू येत होतं. जायचं नाही म्हणून, की त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं म्हणून, कोण जाणे. सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. ना त्याचा मेसेज आला, ना माझा गेला.

गुरुवारी संध्याकाळी व्हाइटफील्डला ऑफिसच्या फाटकाबाहेर तो उभा होता. अंगात कारखान्याचा गणवेश, वरून भुरभुर पाऊस.

"खोटं बोललो मी," तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "जळलो गं. मी आता कधी जाणार नाही, आणि तू जाशील, येऊन मला सांगशील… ते सोसवेना. चार दिवस झोप नाही."

मी बस थांब्याच्या छपराखाली सरकले. तोही आला.

"मग खरं काय?"

"खरं… थंडीनं जीव जातो. खर्च फार. जेमतेम अर्धा तास. पण पाणी इतकं स्वच्छ, की पाणी आहे हेच विसरायला होतं. खाली पाहिलं, तर आपण उंचावर लटकलोय! मी घाबरून हात पसरले, धरायला काही शोधलं. आणि पडलोच नाही. काहीही न धरता… पडलो नाही." त्यानं पसरलेले हात खाली घेतले. "तेवढ्यासाठी मी पुन्हा सगळे पैसे घालीन. जा, शाल्मली."

फोटोत असलं काही येत नाही. माझं ठरलं, तिथेच.

"तू चल. वर पोहत राहा, मी खाली असेन."

"डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे. सगळे पैसे त्यात जातील, मार्चला नाही जमायचं."

"मग मी अजून एक वर्ष—"

"थांबू नकोस," तो पटकन म्हणाला. "थांबलीस तर मला आवडेल. पण थांबू नकोस."

त्या वाक्यावर मी पुरती हरले. फोन काढला आणि एका माणसाचं बुकिंग केलं. मग एक फॉर्म उघडला: अडीअडचणीला कुणाला कळवायचं? मी त्याचं नाव लिहिलं, नंबर लिहिला. पुढचा रकाना नात्याचा.

"काय लिहू?"

"मित्र…?"

"मैत्रीण सुप्रीता आहे. तिला नाही लिहिलं मी."

त्यानं शर्टाच्या बाहीनं माझ्या फोनवरचे थेंब पुसले. मग पहिल्यांदाच थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि नजर वळवली नाही.

"मला तू फार आवडतेस. त्याला फॉर्मात काय म्हणतात, तूच बघ."

मी 'पार्टनर' लिहिलं आणि फोन त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"सरी ना?" ठीक आहे ना, हे मी त्याला कानडीत विचारलं.

"सरी," तो म्हणाला.

जयनगरची बस आली, थांबली, निघून गेली. आम्ही दोघं तिथेच उभे.