राखेखालचं शेत

गावात कुणाचेच दिवस भरले नव्हते, म्हणून सुईण त्या दिवशी घरी होती. घरामागच्या उतारावर तिचा नवरा आणि दीर पाण्याचं टाकं खणत होते. भरलेली घमेली दोरीने वर ओढायचं काम तिच्याकडे होतं. डोंगर जिवंत होता, माथ्यावर कायम धुराची शेंडी. पण त्याच्याच राखेवर पीक असं माजायचं, की गाव सोडायचं नाव कुणी काढत नसे. पायाखाली जमीन गुरगुरली की दीर म्हणायचा, "म्हाताऱ्याला पुन्हा अपचन झालं."

दोघे भाऊ एका ताटात जेवणारे. नवरा अबोल, दीर बडबड्या. आयुष्यात एकमेकांवर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

दुपारी खड्डा पुरुषभर खोल गेला, राखेचा एक टणक थर फुटला आणि खाली शेत निघालं.

शेतच. सरी, वरंबा, सरी, वरंबा. काल संध्याकाळी कुणी काम टाकून घरी गेलं असावं, इतक्या स्वच्छ रेघा. रोपं कधीच कुजून गेली होती. त्यांच्या जागी राखेत पोकळ भोकं राहिली होती. मधून दगडांचा ठेंगणा बांध गेला होता. बांधाच्या दोन्ही अंगांना अनवाणी पावलं उमटली होती. समोरासमोर, टाचा खोल रुतलेल्या.

"वहिनी, बघा तरी!" दिराने खालून हाक मारली. "आपल्या आधीही कुणीतरी इथे घाम गाळून गेलंय."

"आणि राखेत गाडलं गेलं असेल बिचारं," ती म्हणाली.

नवरा सरीत उकिडवा बसून बोटांनी उकरत होता. उठला तेव्हा त्याच्या मुठीत दगडाचं लांबट पातं होतं. जुन्या कुदळीचं असावं. दांडा गेला होता, धार राहिली होती.

तेवढ्यात माथ्यावरून धुकं उतरलं. उतारावर ते नेहमीच यायचं; पण आज त्याला गंधकाचा वास होता. भर दुपारी उजेड विझला. खालचे दोघे तिला नुसत्या सावल्या दिसू लागले. आणि आवाज सुरू झाला.

खच्... खच्...

"भावजी, खणताय का?"

"नाही वहिनी..." दीर कुजबुजला. "आम्ही दोघंही नुसते उभे आहोत..."

खच्... खच्... राखेच्या भिंतीच्या आतून येत होता तो आवाज. एकेक सरी ओलांडत, जवळ जवळ.

"बांध सरकवलास," नवरा म्हणाला.

"कुठला बांध, दादा?"

"माझी पोरं उपाशी मेली."

सुईणीच्या नवऱ्याला पोरं नव्हतीच.

पहिला घाव दिराच्या खांद्यात बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने वर ऐकला. "दादा... अरे मी आहे, दादा!" तो ओरडत पळायला वळला आणि बांधाला अडखळून पालथा पडला. नवरा त्याच्या पाठीवर बसला. घाव घालताना त्याच्या हालचालीत राग नव्हता. तण काढावं तसं, मान खाली घालून, तो भावाची पाठ खणत होता. रक्त उसळून राखेवर पडत होतं आणि राख ते घटाघटा पीत होती.

सुईण शिडीवरून कशी उतरली, तिलाच कळलं नाही. तिने नवऱ्याचा हात धरला. त्याने तिला झटकून भिंतीवर आदळलं. "अहो! माझ्याकडे बघा!" त्याने बघितलं. डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं. त्याने दिराचे केस धरून मान वर उचलली आणि पातं गळ्याखाली नेलं...

कोपऱ्यात पहार उभी होती. माणसाचं डोकं किती नाजूक असतं, हे तिच्याइतकं त्या गावात कुणाला ठाऊक होतं? तिने दात आवळले आणि पहार घातली.

नवरा सरीत कोसळला. खच्... खच्... थांबलं.

लुगड्याचा पदर फाडून तिने दिराच्या जखमा दाबून धरल्या आणि घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. गावकऱ्यांनी दोघांना वर काढून दवाखान्यात नेलं. खड्डा त्याच संध्याकाळी बुजवला. तिने उभं राहून बुजवून घेतला.

दोघेही वाचले. दिराचा डावा हात कायमचा लुळा पडला, तरी त्याने भावाला बोल लावला नाही. "दादा नव्हताच तो," एवढंच म्हणायचा. चालता येऊ लागल्यावर तो रोज नवऱ्याच्या खाटेशी येऊन बसे. नवरा मात्र डोळे मिटून पडून होता.

एका सकाळी त्याने डोळे उघडले. आधी भावाकडे पाहिलं, मग सुईणीकडे, आणि काहीतरी बोलला. घोगरे, तुटक शब्द. तसली भाषा त्या दवाखान्यात कुणी ऐकली नव्हती. परिचारिका म्हणाली, "डोक्याला मार लागलाय, बरळणारच." दिराला तेवढंही पुरलं. त्याचे डोळे भरून आले. "दादा बोलला! वहिनी, काय म्हणाला हो तो?"

सुईणीला शब्दन् शब्द कळला होता. नवऱ्याने विचारलं होतं, "पुरलंस का त्याला?"

"आणि तुम्ही..." दीर तिच्याकडे टक लावून बघत होता. "तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत, वहिनी? त्याच भाषेत?"

तेव्हा तिला आठवलं, ती म्हणाली होती, "अजून नाही."