मागच्या सीटचं वजन

कुर्र... कुर्र...

भर दुपारी, सगळं घर चिडीचूप असताना पाळणा वाजला.

मनकर्णा सुपातली ज्वारी निवडत होती. तिचा हात सवयीनं झोका द्यायला दोरीकडे गेला...

आणि हवेतच थांबला.

घरात पाळणा नव्हता. कमळी आता चांगली धावती-बोलती झाली होती. पाळणा कधीच शेजारच्या कडूबाईच्या सुनेकडे गेला होता.

हे घडलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल हसावं. गंगाखेडात, गोदावरीकाठच्या एका गल्लीत, निजामाच्या अमलात हे घडलं. दुसरी लढाई पेटलेली होती आणि वैशाख चालू होता. रात्रीची गोष्ट नाही ही. टळटळीत दुपार होती. दार सताड उघडं होतं आणि अंगणात डोळे दिपतील असं ऊन पडलं होतं.

कुर्र...

आवाज पडवीतून येत होता. तिथं फटफटी उभी होती.

आता मनकर्णानं तो आवाज ओळखला. फटफटीच्या मागच्या सीटखाली स्प्रिंगा होत्या. कुणी बसून जरा सावरलं, की त्या अशाच कुरकुरायच्या. थेट पाळण्यासारख्या.

पण ती सीट तर आता फटफटीवर नव्हतीच...

बन्सीधरनं ती स्प्रिंगांसकट कधीच काढून टाकली होती.

बन्सीधर म्हणजे मनकर्णाचा नवरा. कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. यंत्र उघडलं की भाकरी विसरायचा. जिनाचा जुना इंजिनियर साहेब गाव सोडून गेला, तेव्हा ती फटफटी याच्या गळ्यात घालून गेला. पहिल्या लढाईतली, लष्करासाठी बांधलेली. नुसतं लोखंड. चाकावरचे पत्रे तव्याएवढे जाड, पुढचा दिवा उचलायलाच दोन हात लागायचे. मागं सीट, सीटमागं सामानाचं लोखंडी कॅरियर. उभी फटफटी हलवायची तर शेजारच्याला हाक मारावी लागे.

घरात आणखी एक माणूस होतं. बायनाबाई. बन्सीधरची थोरली बहीण, मनकर्णाची नणंद. कळत्या वयाच्या आधीच कपाळ पुसलं गेलेलं, तेव्हापासून भावाच्याच घरी. अंगानं भरलेली आणि तोंडानं फटकळ. फटफटी दारात आली त्या दिवशी तिनं हळदकुंकू वाहायला मनकर्णाला पुढं केलं, स्वतः लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "बन्सी, याच्यापरीस म्हैस आणायची होतीस. दूध तरी दिलं असतं तिनं."

कमळी जन्मली आणि बायनाबाईचं सगळं जग त्या पाळण्यात मावलं. तेल किती कोमट करायचं, पोटावर हिंग कसा लावायचा, भुकेचं रडणं कोणतं आणि झोपेचं कोणतं, हे मनकर्णाला तिनंच शिकवलं. रात्री पोर किरकिरली की मनकर्णा उठायच्या आत ती पाळण्याशी बसलेली असायची. कुर्र... कुर्र... त्या आवाजात मनकर्णाला पुन्हा झोप लागायची. पहिलटकरणीला दुसऱ्या बाईनं यापेक्षा मोठं काय द्यायचं?

कमळी जन्मली त्याच साली ज्येष्ठात सगळी मनकर्णाच्या माहेरी गेली होती, नदीपल्याड. कमळी तेव्हा रांगतही नव्हती.

तिथं पोरीचा घसा धरला. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दुपारपर्यंत ओठ निळे पडले.

डॉक्टर गंगाखेडात. मधे गोदावरी.

नदीला उतार होता. पाणी घोट्याएवढं, बाकी नुसती वाळू. बैलगाडी जुंपायला वेळ नव्हता. बन्सीधर पुढं बसला. त्याच्या मागं गोधडीची घडी टाकून, पोरीला छातीशी धरून मनकर्णा. आणि मागच्या सीटवर बायनाबाई, कारण पोरीला सोडून ती राहणारच नव्हती.

वाळूच्या मध्यावर मागचं चाक रुतलं.

इंजिन ओरडत होतं. चाक जागच्या जागी वाळू उडवत होतं.

कमळीच्या छातीतली शिट्टी बारीक बारीक होत चालली होती...

बायनाबाई उतरली. फटफटी उसळून निघाली. काठ चढल्यावर बन्सीधरनं मागं वळून पाहिलं.

वाळू दिसत नव्हती. गढूळ पाणी होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, त्याचा लोंढा आला होता.

कमळी वाचली.

बायनाबाईचं काहीच सापडलं नाही. लुगड्याची चिंधीसुद्धा नाही.

बायनाबाई आपणहून उतरली, असं मनकर्णानं बन्सीधरला सांगितलं. त्यानं ते खरं धरलं. इंजिनाच्या आवाजात त्याला पाठीमागचं काही ऐकूच आलं नव्हतं.

"गाडी इतकी जड नसती," तो म्हणाला, "तर अक्काला उतरावं लागलं नसतं."

एवढं एकदाच बोलला. मग त्यानं हातात पाना घेतला.

सगळ्यात आधी मागची सीट काढली. ती डोळ्यांसमोर नकोच होती. मग कॅरियर. मग चाकांवरचे जाड पत्रे काढले आणि त्यांच्या जागी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पत्रा ठोकून बसवायचं ठरवलं, जर्मनच्या भांड्यांसारखा हलका. पत्रा मिळेना, तेव्हा मनकर्णानं रुखवतातली आपली मोठी जर्मनची परात त्याच्यापुढं आणून ठेवली. त्यानं विचारलं, "आगं, तुझ्या मायनं दिलेली हाय ना?" ती आत गेली. परातीवर हातोडा पडायला लागला, तेव्हा तिनं कान झाकले नाहीत. प्रत्येक घाव मोजून घेतल्यासारखा ऐकला.

मोठा दिवा गेला, सायकलचा आला. पाय ठेवायच्या लोखंडी फळ्या गेल्या. लांबलचक धुराडं कापून वीतभर नळी बसवली. बोल्टांची बाहेर आलेली टोकंसुद्धा त्यानं कानशीनं घासून काढली. पडवीच्या कोपऱ्यात काढलेल्या लोखंडाचा हा ढीग झाला.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्यानं फटफटी जिनातल्या वजनकाट्यावर चढवली.

काटा जुन्याच आकड्यावर येऊन थांबला. साहेबानं गाडी दिली त्या दिवशी भरला होता, तोच आकडा.

त्यानं कापसाचा भरलेला बोजा ठेवून पाहिला. बोजाचं वजन बरोबर आलं. पुन्हा फटफटी ठेवली...

पुन्हा तेच.

काट्यावरचा किशनराव मापाडी विडी झटकत म्हणाला, "बन्सी, तू काढायलास का घालायलास?"

हमाल हसले. बन्सीधर हसला नाही. घरी येऊन त्यानं आणखी दोन तुकडे काढले. पुढच्या खेपेला काटा तसूभरही हलला नाही.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो हिशेब करायचा, आता काय काढता येईल. मनकर्णा भिंतीकडे तोंड करून ऐकायची. एक वाक्य तिच्या घशाशी यायचं आणि ती ते गिळायची.

पुढं लढाईमुळं पेट्रोल मिळेना. फटफटी पडवीत उभी राहिली ती राहिलीच. कुणी तिला हात लावत नव्हतं.

तरी ती रुतायला लागली.

पडवीची जमीन चोपून टणक केलेली. मनकर्णा शेणानं सारवायची. चार दिवसांनी बघावं तर चाकाखाली खळगा. ती खळगा बुजवायची, पुन्हा सारवायची.

पुन्हा खळगा.

पुढचं चाक कधी रुतलं नाही. फक्त मागचं...

तर त्या दुपारी, कुर्र ऐकून, मनकर्णा सूप खाली ठेवून पडवीच्या दाराशी आली.

फटफटी उभी होती. नुसता सांगाडा. मागं सीट नव्हती, काही नव्हतं. मागचा टायर मात्र खाली दबलेला होता, एखादं अंगानं भरलेलं माणूस बसल्यावर दबतो तसा. तिच्या देखत तो जरासा फुगला, आणि पुन्हा दबला.

कुणीतरी सावरून बसलं होतं.

खळग्यात वाळू होती. तिनं बोट लावलं. वैशाखाच्या उन्हात, ओली.

दुसऱ्या दिवशी तिनं कडूबाईला सांगितलं. सगळं नाही, खळग्याचं आणि आवाजाचं तेवढं. कडूबाईनं तपकीर ओढली. "पहिले झाडाला धरायचे, आता फटफटीला धरायलेत. काळच बदलला, बाई," असं म्हणाली खरी, पण मग जवळ सरकून उपाय सांगितला. दहीभात, लिंबू, नारळ. फटफटीवरून ओवाळायचं आणि नदीच्या वाळूत ठेवून यायचं. मागं वळून बघायचं नाही.

"आन् ओवाळताना तोंडानं म्हणायचं. उतर माय, उतर. तुझ्या वाटंनं जा. ह्ये म्हणली न्हाईस तर उतारा लागायचा न्हाई."

मनकर्णानं सगळं केलं. भात कालवला, लिंबाला कुंकू लावलं. दुपारची वेळ साधून पडवीत गेली. पत्रावळ ओवाळली.

तोंड उघडलं...

शब्द निघेना.

कारण तो शब्द तिनं आधी एकदा उच्चारला होता.

नदीत, वाळूच्या मध्यावर. दोघी एकाच बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, वरच्या अंगाला पाठ करून. बन्सीधरचे डोळे पुढच्या चाकावर. मान वळवली ती एकट्या मनकर्णानं. लांब, वरच्या अंगाला, वाळूवर एक तपकिरी रेघ दिसली. रेघ सरकत होती. इंजिनाच्या ओरडण्याखाली दुसरा एक आवाज होता, जात्याच्या घरघरीसारखा. तो काय आहे हे नदीकाठच्या लेकीला सांगावं लागत नाही.

पायी जाणारं माणूस काठ गाठणार नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

तिनं पोरीचे निळे ओठ पाहिले. आणि नणंदेला म्हणाली,

"वन्सं, तुमी उतरा."

बायनाबाईनं का म्हणून विचारलं नाही. पोरीच्या टाळूवर हात ठेवला, खाली उतरली, गाडीला मागून जोर लावला. आणि आपल्याकडं निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं, तसंच तीही म्हणाली,

"व्हा तुमी पुढं. मी येतेच."

मनकर्णाच्या हातातली पत्रावळ कलली. दहीभात पडवीत सांडला. उतर, एवढंच तर म्हणायचं होतं. पुन्हा एकदा. त्याच बाईला.

तिला ते म्हणता आलं नाही. तिनं भात गोळा केला, गाईला घातला, आणि चुलीपुढं जाऊन बसली. आज सांगायचं, असं तिनं ठरवलं. ते जेवायला आले की सांगायचं. इतकी वर्षं तो माणूस दुसऱ्याचं पाप कानशीनं घासतो आहे.

बन्सीधर आला. भाकरी खाल्ली. ती वाढत राहिली, एक भाकरी, दुसरी भाकरी. ताक वाढताना तिनं तोंड उघडलंसुद्धा.

"अवो..."

"काय गं?"

"मीठ हाय का बरोबर?"

तो हात धुऊन पडवीत गेला. थोड्या वेळानं कानशीचा आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... आता काढायला राहिलं तरी काय होतं? तरी तो घासत होता.

मग पडवीतून कमळीचं हसू ऐकू आलं.

मनकर्णा दारात आली. बन्सीधर पुढच्या चाकाशी पाठ करून बसला होता. कमळी मागच्या चाकाशी उभी होती, मान वर करून, जिथं सीट असायची तिथं बघत. कुणी बोलत असलं की पोरं थांबून ऐकतात, तशी ती ऐकत होती. मधूनच मान डोलवत होती.

या घरात पोरीसमोर बायनाबाईचं नाव कधी कुणी काढलं नव्हतं. नदीचं तर नाहीच.

"कमळे," मनकर्णाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "कुणाशी बोलायलीस?"

"आत्याशी."

खर्र... कानस थांबली. बन्सीधरनं मान वळवली नाही. पण त्याची पाठ ऐकत होती.

कमळीनं हात वर केला, कुणीतरी धरलेला असावा तसा. आणि सगळ्या पोरी विचारतात तितक्याच साधेपणानं तिनं विचारलं,

"माय, आत्या म्हणती, मी येते म्हणलं व्हतं म्हणून आले. पण तिला उतर कोण म्हणलं व्हतं गं?"