पन्नास केबीच्या आत

"वजन कमी करायचंय," ती काउंटरवर धापा टाकत म्हणाली.

झेरॉक्सवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं?"

"फोटोचं... पन्नास केबीच्या आत."

नर्सच्या जागेचा ऑनलाइन अर्ज होता. दोनदा परत आला होता, 'चेहरा अस्पष्ट' म्हणून. तिसऱ्यांदा आला की बाद.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. "हा लहान कुणी केला?"

"ताईने. बसेना, म्हणून पुन्हा केला. मग पुन्हा..."

"लहान केलेलाच परत लहान! दर खेपेला नाक-डोळे थोडे थोडे जातात हो. मूळ फोटो आहे ना?"

तो तिच्या फोनमध्ये होता. त्याने आधी आजूबाजूची भिंत कापली. "भिंतीला थोडीच नोकरी हवीय?" मग लांबी-रुंदी कमी केली आणि एकदाच सेव्ह केला. अठ्ठेचाळीस केबी. पापण्यासुद्धा मोजता येत होत्या... आणि तो त्या मोजतोय की काय, असं तिला उगीच वाटलं.

दाखलेही स्कॅन करून असेच हलके करायचे होते. सहा होते; ती रोज एकच आणू लागली.

"सगळे एकदम का नाही आणत?" त्याने चौथ्या दिवशी विचारलं.

"हरवतील," ती म्हणाली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

शेवटच्या दिवशी पाचला अर्ज बंद होणार होता. वीस मिनिटं असताना सगळं चढलं. फोटोपुढे हिरवी खूण आली. उरला एकच रकाना: कोणतं इस्पितळ हवं? इथलं, की डोंगरापलीकडचं? डोंगरापलीकडे लहान मुलांचा विभाग होता. शिकताना तिने तोच मनात धरला होता. तरी बोट हलेना.

"तुम्ही काय भराल?"

"मला विचारू नका. मी स्वार्थी उत्तर देईन." तो उगीच कीबोर्ड पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "डोंगरापलीकडचं भरा. तुमचं मन तिथे आहे."

तिने भरलं. अर्ज गेला. तिने काउंटरची घट्ट धरलेली कड मात्र सोडली नाही.

"आता कसली भीती?"

"तेच कळत नाही. आठ दिवस छातीत धडधडतंय. मला वाटलं, अर्जामुळे..." ती थांबली. "अर्ज तर गेला."

त्याने चष्मा काढला. त्याला तो नीट मिटता येईना.

"माझंही तसंच होतंय," तो म्हणाला. "आणि मी तर अर्जही केला नव्हता."

"मग करा की," ती खाली बघत म्हणाली. "अजून पंधरा मिनिटं आहेत."