स्वयंपाकघराकडे तोंड केलेली बाग

हातात पाण्याचा पाइप आणि डोक्यात राग असताना माणसाने फलक वाचू नये. तिने वाचला. वाचता वाचता पाइप फलकाकडे कधी वळला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"अहो... रंग ओला आहे," फलकामागून एक डोकं वर आलं. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

"आता तुम्हीही आहात," ती म्हणाली. "हे दिवे तुम्हीच लावलेत का?"

"हो. हवेली आता लोकांना पाहायला खुली होणार ना, म्हणून ट्रस्टने इतिहास लिहायला—"

"इतिहास? 'ही बाग थोरल्या बाईसाहेबांनी स्वतःच्या हातांनी फुलवली' म्हणे. त्या बाईने जन्मात कुंडी इकडची तिकडे केली नव्हती. माझ्या पणजीने लावलीय ही बाग. नंतर आजोबांनी राखली, बाबांनी राखली, आता मी राखतेय. आणि नाव कुणाचं, तर गच्चीत बसून सरबत पिणारीचं."

"पुरावा आहे काही?" त्याने चष्मा पुसत शांतपणे विचारलं.

शांत माणसांचा तिला मुळातच राग यायचा. आपण तावातावाने भांडावं आणि समोरच्याने चष्मा पुसावा, म्हणजे काय? तिने पाइप खाली टाकला आणि फलकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'मधली वाट तिरकी गेली आहे. ही आखणीतली चूक असावी.'

ही ओळ तिला जास्त झोंबली, कारण ती खरी होती. हवेलीच्या पुढच्या पायऱ्यांवरून पाहिलं की वाट भलतीकडेच पळालेली दिसायची. बाबासुद्धा म्हणायचे, माझ्या आजीचा हात तेवढा चुकला बघ. तिने स्वतः तर ते झाकायला कडेने झुडपं लावली होती.

"बाग बाईसाहेबांची, मग चूकही त्यांचीच लिहा की," असं म्हणून ती तरातरा निघून गेली.

त्यानंतर तो रोज यायला लागला. कधी झाडांची नावं विचारायला, कधी उगाच.

"तुम्ही रोज एवढ्या चिडता?"

"नाही. सुट्टीच्या दिवशी घरी चिडते."

"तुमच्या नाकावर राग असतो, असं सगळे सांगतात. मला तर माती दिसतेय."

तिने झटकन नाक पुसलं, आणि हात मातीचाच असल्यामुळे आणखी माखून घेतलं. तो हसला. हसताना बरा दिसतो मेला, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

एका दुपारी पावसाची सर आली. हवेलीचं जुनं स्वयंपाकघर ती जन्मल्यापासून कुलूपबंद होतं. किल्ली मिळवून तो आत शिरला होता. तिथूनच त्याने हाक मारली, "जरा इकडे या."

"माझे हात मळलेत."

"तशाच या."

त्याने बागेकडचं अरुंद दार उघडलं होतं. दोघांना उभं राहायचं तर खांद्याला खांदा लागणारच. तिने समोर पाहिलं... वाट सरळ होती. उंबऱ्यापासून निघून थेट कारंज्याकडे, दोन्ही अंगांना सारखे वाफे.

"चूक नव्हती ती," तो हळूच म्हणाला. "तुमच्या पणजीने आखणीची दोरी या दारातून धरली होती. कारण पुढच्या दारातून तिला..."

"कुणी आत घेत नव्हतं," ती म्हणाली. तिने मातीच्या हातानेच डोळे पुसले. जन्मभर आपण तिलाच चुकीची म्हणत आलो, झुडपं लावून झाकत आलो.

"रडताय?"

"चिडलेय."

"मग... इथे चिडा," तो म्हणाला आणि त्याने खांदा जरा पुढे केला. ती क्षणभर खरंच टेकली. मग शर्टाला माती लागली म्हणून त्याच्यावरच खेकसली.

ट्रस्टचा कारभार धाकट्या बाईसाहेबांकडे होता. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "पाहुण्यांना स्वयंपाकघराच्या गोष्टी कशाला? माळणीचं नाव फलकावर नको."

"बरं," तो म्हणाला.

नुसतं बरं! ती त्यांच्या खिडकीखालीच खुरपत सगळं ऐकत होती. तो बाहेर येताच तिने त्याला गाठलं. "तोंडात मिठाची गुळणी धरली होती? खांदा पुढे करायला बरं जमतं, शब्द टाकायला नाही. परत माझ्या वाफ्यात पाय ठेवू नका."

त्याने खरंच ठेवला नाही. पहिला दिवस तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून फाटकाकडे पाहून पाहून मान अवघडली, आणि स्वतःचाच संताप येत राहिला.

मग एका सकाळी पुढच्या पायऱ्यांजवळचा फलक गायब झालेला दिसला. नवा फलक स्वयंपाकघराच्या दारापाशी होता, आणि तो शेजारी ब्रश धूत उभा होता.

'बाग इथे उभं राहून पाहावी. ती कोणी लावली, हे इथल्या माळीणबाईंना विचारावं. चिडलेल्या असल्या तरी विचारावं.'

तिने दोनदा वाचलं. "बाईसाहेब काढायला लावतील."

"त्यांना दाखवला. म्हणाल्या, यात कुणाचंच नाव नाही, छान आहे. मी म्हटलं, बरं."

तिला हसू आलं, ते तिने कसंबसं गिळलं. "म्हणजे येईल त्याला मी सांगत बसायचं? जन्मभर?"

"हो."

"आणि तुम्ही चाललात. काम संपलं ना तुमचं."

"काम संपलं..." तो ब्रशकडे पाहत म्हणाला. "पण मी अजून विचारलंच कुठे? मलाही जन्मभर ऐकायचंय. बाग कोणी लावली?"

तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. एवढे दिवस छळून, आता हा असा विचारतोय.

"बस इथे," ती म्हणाली. अहोजाहो कुठे गेलं, ते दोघांनीही विचारलं नाही. तो उंबऱ्यावर बसला. तीही त्याच्या शेजारी टेकली, आणि अजून रागातच, पणजीपासून सांगायला लागली.