शून्य विकृती

कुंदा वाघचौरे यांच्या पत्राला हेरंब दाबके यांनी उत्तर दिलं नव्हतं. जळगावच्या एका रुग्णालयात त्या दाबके यांनी बनवलेल्या प्रयोगपापुद्र्यावर त्वचेच्या पेशी वाढवत. पत्रात एकच प्रश्न होता : ‘सर, आपल्या पापुद्र्यावर योग्य विकृती किती? उत्तर येईपर्यंत थांबते.’ दाबके यांनी सहा वेळा लिहायला घेतलं. आकडा तापमानावर अवलंबून, पेशींच्या वयावर अवलंबून. प्रत्येक वाक्याला तळटीप हवीशी वाटे, आणि तळटीप लिहिली की मूळ वाक्यच खोटं वाटे. सव्वीस दिवस झाले. निवृत्तीनंतरही ते रोज पुण्याच्या प्रयोगशाळेत येत, खण उघडून सहाही खर्डे पाहत आणि खण बंद करत.

त्या सकाळी पडद्यावर डॉ. शिरीन तडवी आल्या. त्याच रुग्णालयाच्या भाजविभागाच्या प्रमुख. बसची बॅटरी पेटून भाजलेली वाहक शोभा तायडे त्यांच्याकडे होती. तिच्याच पेशींपासून वाढवलेले त्वचेचे थर दोनदा लावले, दोन्ही वेळा गळून पडले. आता नव्याने पेशी काढायला तिच्या अंगावर धड जागा उरली नव्हती. जखमा फार तर आठवडाभर थोपवता येतील, असं त्या म्हणाल्या.

दोष आपल्या प्रयोगपापुद्र्याचाच असणार, हे दाबके यांनी मनाशी धरूनच टाकलं. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, लवचिक पट्टी; पेशी तिच्यावरच वाढत, आणि तिच्यात विणलेले संवेदक आम्लता, प्राणवायू आणि विकृती सतत मोजत. त्यांनी नोंदी विचारल्या. आम्लता ठीक होती. प्राणवायूही.

“आणि विकृती?”

“शून्य, दोन्ही वेळा. मुद्दाम एकदम स्वच्छ थर निवडले होते.”

दाबके चुळबुळले. “शून्य कशी असेल? जिवंत पेशी खालचा पृष्ठभाग धरून ओढते, त्यानं पापुद्रा ताणला जातो. शून्य म्हणजे तिनं काही धरलेलंच नाही. जो थर पापुद्र्याला धरत नाही, तो जखमेला काय धरणार?”

तडवींनी नोंदी पुन्हा एकदा पाहिल्या. “सर, तुमच्याकडे विकृती म्हणजे काय?”

“ताणल्यामुळे लांबीत पडलेला फरक. पदार्थविज्ञानात...”

“आमच्याकडे विकृती म्हणजे रोग. विकृतिशास्त्र विभाग खालच्याच मजल्यावर आहे. ज्या थरात विकृती दिसली, तो मी बाद केला.”

पापुद्र्यासोबतचं, तळटीपांनी भरलेलं माहितीपत्रक मराठीतच हवं, हा दाबके यांचा हट्ट होता. त्यासाठी दोन महिने त्यांनी पदार्थविज्ञानाचा परिभाषाकोश चाळला होता. वैद्यकाचा कोश त्याच कप्प्यात, शेजारीच उभा होता.

बाद थर नष्ट करायचा नियम होता. तरी तडवींनी कुंदाबाईंना बोलावून घेतलं. हातमोजे काढत त्या पडद्यासमोर आल्या.

“शोभाच्याच पेशींचे तीन थर आहेत शीतकोठीत,” त्या म्हणाल्या. “दोन टक्के विकृतीवाले. सूक्ष्मदर्शकाखाली चांगले दिसत होते, टाकवेनात. तडवीबाईंना सांगितलं नाही, ओरडल्या असत्या. पत्रात लिहिलं होतं ना सर, उत्तर येईपर्यंत थांबते म्हणून.”

ते वाक्य दाबके यांनी निव्वळ रीतीचं समजलं होतं. थर लगेच लावा, असं ते घाईघाईने म्हणाले.

“असे कसे लावणार? बादचा शिक्का आहे त्यांच्यावर. तो उठवायला पापुद्रा बनवणाऱ्याच्या शाईच्या सहीचा कागद लागतो. लेखी द्या. आणि सर,” कुंदाबाई जरा थांबल्या, “एका पानात बसवा.”

तडवींना त्याही स्थितीत हसू आलं.

दाबके यांनी सातवा कागद घेतला. ‘विकृती दोन टक्क्यांच्या आसपास असावी. शून्य असल्यास थर वापरू नये. येथे विकृती म्हणजे पेशींची पकड. आपण थांबलात, मी उशीर केला.’ खाली सही केली.

टपालकचेरीत जलद टपालाच्या खिडकीशी त्यांनी पाकीट आत सरकवलं आणि लगेच त्यांना तापमान आठवलं. निदान एक ओळ तरी लिहायला हवी होती. त्यांनी पाकीट परत मागायला हात पुढे केला. तोवर कारकुनाने शिक्का मारून ते पिशवीत टाकलं होतं.